मॉर्गन डॉलरचे ठसाभेद

मॉर्गन डॉलरचे ठसाभेद म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १८७८ ते १९०४ या काळात आणि पुन्हा १९२१ साली पाडलेल्या मॉर्गन डॉलर या चांदीच्या नाण्यांमध्ये, निरनिराळ्या ठशांमुळे आढळणारे बारीक फरक होत. एकाच साली, एकाच टांकसाळीत पाडलेली दोन नाणी साध्या डोळ्यांना सारखी दिसली, तरी ती वेगवेगळ्या ठशांतून निघाली असतील, तर सालाच्या आकड्यांची जागा, टांकसाळचिन्हाचा कल किंवा अक्षरांच्या कडा यांत फरक सापडतो. हे फरक ओळखणे, त्यांना क्रमांक देणे आणि त्यांची संख्या ठरविणे ही नाणकशास्त्राची एक शाखा आहे. मॉर्गन डॉलरच्या बाबतीत हे काम 'व्हॅम' या क्रमांकपद्धतीने चालते. या पद्धतीत नोंदलेल्या भेदांची संख्या आज काही हजारांवर गेली आहे. मात्र ही संख्या म्हणजे वापरलेल्या ठशांची संख्या नव्हे. कोणत्या फरकाला स्वतंत्र भेद मानायचे, या नियमावर ती अवलंबून असते.

२०२१ पासून याच आकृतीची नाणी संग्राहकांसाठी नव्याने काढण्यात आली. त्यांचा विचार या लेखात केलेला नाही.

पार्श्वभूमी

२८ फेब्रुवारी १८७८ रोजी अमेरिकी काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष रदरफोर्ड हेस यांचा नकाराधिकार डावलून ब्लँड-ऍलिसन कायदा संमत केला. या कायद्याने सरकारी खजिन्यावर दरमहा २० ते ४० लाख डॉलर किमतीची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडण्याचे बंधन आले. या नाण्याची आकृती जॉर्ज टी. मॉर्गन या इंग्लंडमधून आलेल्या कोरीवकाराने तयार केली. दर्शनी बाजूवर स्वातंत्र्यदेवतेचे मुख आहे. त्यासाठी फिलाडेल्फियातील शिक्षिका ऍना विलेस विल्यम्स यांचा चेहरा आधार म्हणून घेतला होता. मागील बाजूवर पंख पसरलेला गरुड आहे.

नाण्याचे वजन २६.७३ ग्रॅम आणि व्यास ३८.१ मिलिमीटर असून त्यात ९० टक्के चांदी व १० टक्के तांबे असते. ही नाणी फिलाडेल्फिया, न्यू ऑर्लीन्स, सॅन फ्रान्सिस्को व कार्सन सिटी येथे आणि १९२१ साली डेन्व्हर येथेही पाडली गेली. फिलाडेल्फियाच्या नाण्यांवर टांकसाळचिन्ह नाही. इतर ठिकाणची चिन्हे अनुक्रमे 'ओ', 'एस', 'सीसी' आणि 'डी' ही अक्षरे असून ती मागील बाजूस, पर्णमालेच्या गाठीखाली असतात. सर्व वर्षे मिळून ६५ कोटींहून अधिक नाणी पाडली गेली. एवढ्या नाण्यांसाठी हजारो ठसे लागले आणि त्यांतूनच या विषयाचा पसारा निर्माण झाला.

ठसा कसा तयार होई

ठसा म्हणजे पोलादाचा दंडगोल. त्याच्या एका तोंडावर नाण्याची आकृती उलटी आणि खोलगट उमटवलेली असते. वरचा व खालचा असे दोन ठसे यंत्रात बसवून त्यांच्यामध्ये चांदीची कोरी चकती ठेवली, की दाबाखाली चांदी ठशाच्या खोलगट भागांत शिरते आणि नाण्यावर उठाव येतो. याच वेळी चकतीभोवतीच्या पोलादी कड्यामुळे नाण्याच्या कडेवर खाचा उमटतात.

कामाचे ठसे प्रत्येक वेळी हाताने कोरले जात नसत. उठावाची आकृती असलेला एक पोलादी नमुना, ज्याला 'हब' म्हणतात, नरम केलेल्या पोलादावर दाबून ठसा तयार होई. आकृती पुरेशी खोल उतरण्यासाठी हा दाब एकापेक्षा अधिक वेळा द्यावा लागे. मधल्या वेळी पोलाद तापवून पुन्हा नरम करीत. शेवटी ठशाला पाणी देऊन तो कठीण केला जाई.

दोन गोष्टी मात्र हबमध्ये नसत: साल आणि टांकसाळचिन्ह. सालाचे आकडे आणि चिन्हाचे अक्षर प्रत्येक ठशावर कारागीर छिन्नीसारख्या पंचाने स्वतंत्रपणे ठोकीत असे. सर्व टांकसाळींचे ठसे फिलाडेल्फियातच तयार होऊन पुढे पाठवले जात. हाताने ठोकलेली खूण दोन ठशांवर नेमकी एकाच जागी बसणे कठीण असल्याने या दोन खुणा भेद ओळखण्याचा मुख्य आधार ठरतात.

भेदांचे प्रकार

मूळ आकृतीतील बदल. १८७८ च्या पहिल्या नाण्यांवर गरुडाच्या शेपटीला ८ पिसे आहेत. पूर्वीच्या अमेरिकी नाण्यांवर ही संख्या विषम असे, म्हणून ती ७ करण्यात आली. ८ पिसांचे जे ठसे आधीच तयार होते, त्यांपैकी काहींवर ७ पिसांचा हब पुन्हा दाबला गेला. अशा ठशांतील नाण्यांवर ७ पिसांच्या खालून जुन्या पिसांची टोके डोकावताना दिसतात. पुढे त्याच वर्षी गरुडाची छाती आणि बाणांची पिसे यांतही बदल झाला. आधीच्या रूपात छाती सपाट असून बाणाचे सर्वांत वरचे पीस दांडीला समांतर आहे. नंतरच्या रूपात छाती गोलसर असून ते पीस तिरके आहे. यामुळे १८७८ हे एकच साल भेदांच्या दृष्टीने अतिशय समृद्ध आहे.

सालावर साल. आधीच्या वर्षाचा ठसा शिल्लक राहिल्यास त्यावर नवे आकडे ठोकले जात. १८८० च्या काही नाण्यांवर ८० या आकड्यांखाली ७९ चे अवशेष आढळतात. १८८७ च्या फिलाडेल्फिया व न्यू ऑर्लीन्स येथील काही नाण्यांवर ७ च्या खाली ६ दिसतो.

चिन्हावर चिन्ह. १८८२ च्या न्यू ऑर्लीन्सच्या काही नाण्यांवर 'ओ' च्या आत 'एस' चा अवशेष आहे. कार्सन सिटीतील नाणी पाडण्याचे काम १८९३ मध्ये थांबल्यावर तेथील न वापरलेल्या ठशांवर 'ओ' ठोकून ते न्यू ऑर्लीन्ससाठी उपयोगात आणले गेले. त्यामुळे १९०० च्या काही नाण्यांवर 'ओ' च्या मागे 'सीसी' दिसते.

दुहेरी ठसा. हबचा दुसरा दाब पहिल्याच्या किंचित बाजूला पडला, तर आकृती दुहेरी उमटते. १८८८ च्या न्यू ऑर्लीन्सच्या एका भेदात देवतेचे ओठ, नाक व हनुवटी दुहेरी आहेत. १९०१ च्या फिलाडेल्फियाच्या एका भेदात गरुडाचा खालचा भाग असाच सरकलेला दिसतो.

ठशाला झालेली इजा. वापरात ठशाला तडे जातात, त्याचे तुकडे उडतात. कधी यंत्रात चकती न आल्याने दोन्ही ठसे एकमेकांवर आदळतात आणि एकाची आकृती दुसऱ्यावर उमटते. न्यू ऑर्लीन्सच्या काही वर्षांच्या नाण्यांवर गरुडाच्या शेपटीखाली, 'लिबर्टी' या शब्दातील 'ई' हे अक्षर पुसट दिसते, ते अशा टकरीमुळेच. देवतेच्या मुकुटपट्टीवरील ते अक्षर मागील बाजूच्या ठशावर उमटलेले असते.

ओळखण्याची पद्धत

ठसाभेद ओळखण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. दहापट मोठे दाखवणारे भिंग, एका बाजूने येणारा प्रकाश आणि तुलनेसाठी चांगली छायाचित्रे एवढे पुरते. पाहणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवला जातो.

१. प्रथम साल व टांकसाळचिन्ह निश्चित करावे, कारण भेदांचे क्रमांक प्रत्येक साल व टांकसाळीच्या जोडीसाठी स्वतंत्र असतात.

२. मागील बाजूवरील पिसांची संख्या, गरुडाची छाती व बाणाचे पीस पाहून मूळ आकृतीचा प्रकार ठरवावा.

३. सालाची जागा पाहावी. आकडे देवतेच्या मानेच्या किती जवळ आहेत, ते कोणत्या बाजूला झुकले आहेत आणि पहिल्या १ चा पाया काठाच्या कोणत्या दात्यासमोर येतो, हे मोजावे. नाण्याच्या काठावरील हे दाते मोजपट्टीसारखे उपयोगी पडतात.

४. चिन्हाची उंची, कल आणि त्याच्याभोवती दुसऱ्या ठोक्याची खूण आहे का, हे तपासावे.

५. शेवटी तडे, ओरखडे व टकरीच्या खुणा शोधाव्यात. कडेवरील खाचा मोजणेही काही वेळा निर्णायक ठरते. १९२१ च्या फिलाडेल्फियाच्या काही नाण्यांवर त्यांची संख्या नेहमीपेक्षा कमी आहे.

या पाहणीत एक नियम कायम लक्षात ठेवावा लागतो. ठशावर जे खोल, ते नाण्यावर उंच. ठशाला गेलेला तडा किंवा पडलेला ओरखडा नाण्यावर उठावदार रेघ म्हणून दिसतो. याउलट नाण्यावरची खोलगट रेघ ही बहुधा नाणे पाडल्यानंतर झालेली इजा असते आणि तिचा ठसाभेदाशी संबंध नसतो. थैलीत नाण्यावर नाणे आपटून पडलेले खळगे नवख्या अभ्यासकाला अनेकदा फसवतात.

दुसरी फसगत दुहेरीपणाची. नाणे पाडल्याच्या क्षणी सैल ठसा किंचित सरकला, तर अक्षरांची कड चपटी होऊन पायरीसारखी दिसते. हा दोष त्या एका नाण्यापुरता असतो. खऱ्या दुहेरी ठशात दुसरी आकृतीही गोलसर आणि उठावदार असते व त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर ती तशीच आढळते.

व्हॅम क्रमांक

लिरॉय व्हॅन ऍलन आणि ए. जॉर्ज मॅलिस या दोन अभ्यासकांनी १९६० च्या दशकात या नाण्यांच्या ठशांची नोंद स्वतंत्रपणे सुरू केली. पुढे त्यांनी एकत्र काम केले. त्यांचा संयुक्त ग्रंथ १९७१ मध्ये आणि त्याची विस्तृत कोशरूप आवृत्ती १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून 'व्हॅम' हे नाव रूढ झाले. १९२१ ते १९३५ या काळातील पीस डॉलरसाठीही हीच पद्धत वापरतात.

व्हॅमचा उल्लेख साल, टांकसाळ आणि क्रमांक या तिन्हींनी पूर्ण होतो. '१८८८ न्यू ऑर्लीन्स, व्हॅम ४' हा वर सांगितलेला दुहेरी ओठांचा भेद होय. अन्य वर्षाच्या व्हॅम ४ शी त्याचा काहीही संबंध नाही. क्रमांकांवरून नाणी पाडण्याचा क्रम कळत नाही. उदाहरणार्थ, मॉर्गन डॉलरची सर्वांत पहिली नाणी ११ मार्च १८७८ रोजी ज्या ठशांच्या जोडीने पाडली गेली, तिचा क्रमांक व्हॅम १ नसून व्हॅम ९ आहे. क्रमांकापुढे अक्षर असल्यास (जसे १अ) मूळ भेद तोच, पण ठशाला पुढे तडा, टक्कर किंवा ओरखडा झालेला, असा अर्थ होतो.

मोजणीचे प्रश्न

'भेद किती?' या प्रश्नाला एकच उत्तर का नाही, हे एका छोट्या काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, एका वर्षी दर्शनी बाजूचे १ व २ असे दोन ठसे आणि मागील बाजूचे क व ख असे दोन ठसे वापरले. यंत्रात ते १-क, १-ख आणि २-ख अशा जोड्यांनी बसवले गेले. १-ख जोडीच्या वापरात मध्येच ठशांची टक्कर झाली आणि २-ख जोडीतील ठसा २ याला शेवटी तडा गेला. आता ठसे मोजले तर ४, जोड्या मोजल्या तर ३ आणि अवस्था मोजल्या तर ५ असे उत्तर येते. तिन्ही उत्तरे आपापल्या नियमाने बरोबर आहेत. म्हणून कोणतीही संख्या सांगताना काय मोजले, हे सांगणे आवश्यक असते.

व्हॅम पद्धतीत आणखी एक अडचण आहे. एखाद्या वर्षाच्या व्हॅम १ या क्रमांकाखाली सामान्यतः ज्यांत काहीही विशेष खूण नाही असे ठसे एकत्र ठेवले जातात. म्हणजे तेथे एका क्रमांकामागे अनेक ठसे असू शकतात. उलट १अ, १ब या अक्षरांमुळे एकाच ठशाला अनेक नोंदी मिळतात. त्यामुळे यादीतील नोंदींच्या बेरजेवरून टांकसाळीने किती ठसे वापरले हे काढता येत नाही. शिवाय नवे भेद सापडत राहतात आणि दोन नोंदी एकाच ठशाच्या निघाल्यास एक रद्द होते. यादी कधीच अंतिम नसते.

न सापडलेल्या ठशांचा अंदाज नाणकशास्त्रज्ञ संख्याशास्त्राच्या साहाय्याने करतात. आय. जे. गुड यांनी १९५३ मध्ये मांडलेली एक सोपी कल्पना येथे उपयोगी पडते. यदृच्छया निवडलेल्या नाण्यांत जे ठसे फक्त एकदाच आढळतात, त्यांची संख्या मोजायची. २०० नाणी तपासली आणि २० ठशांचे प्रत्येकी एकच नाणे मिळाले, तर २० भागिले २०० म्हणजे १० टक्के. याचा अर्थ, त्या साली पाडलेल्या नाण्यांपैकी सुमारे १० टक्के नाणी अद्याप न पाहिलेल्या ठशांची असावीत. एकेकट्या ठशांची संख्या शून्याजवळ आली, की यादी पूर्णत्वाला आली असे मानतात. मात्र यासाठी नाणी खरोखर यदृच्छया निवडलेली हवीत. मॉर्गन डॉलर प्रत्येकी १,००० नाण्यांच्या थैल्यांत भरून दशकानुदशके तळघरांत राहिले. एका थैलीत एकाच जोडीची अनेक नाणी असू शकतात. म्हणून एक थैली तपासून काढलेला अंदाज चुकण्याचा संभव मोठा असतो.

सरकारी नोंदी या बाबतीत पूर्णपणे विश्वासार्ह नाहीत. १८९५ साली फिलाडेल्फियात १२,००० साधी नाणी पाडल्याची नोंद आहे, परंतु संग्राहकांसाठी खास पाडलेल्या ८८० नाण्यांखेरीज त्या साली त्या टांकसाळीत पाडलेले एकही नाणे निश्चितपणे पुढे आलेले नाही.

वितळवलेली नाणी आणि भारत

मोजणीतील सर्वांत मोठी पोकळी भारताशी निगडित आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश भारतात रुपयांची मागणी वाढली आणि चांदी अपुरी पडू लागली. कागदी चलनाच्या बदल्यात चांदीचे रुपये देता आले नाहीत, तर लोकांचा नोटांवरील विश्वास उडेल, अशी भीती सरकारला होती. १९१७ मध्ये भारतात एक रुपयाची नोट काढण्यात आली, तीही या टंचाईमुळेच. २३ एप्रिल १९१८ रोजी अमेरिकेत पिटमन कायदा झाला आणि खजिन्यातील चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी ब्रिटनला विकण्याची परवानगी मिळाली.

या कायद्यान्वये एकूण २७,०२,३२,७२२ डॉलर वितळवले गेले. त्यांपैकी २५,९१,२१,५५४ डॉलरची चांदी भारतासाठी होती. उरलेल्या १,११,११,१६८ डॉलरच्या चांदीतून अमेरिकेची लहान नाणी पाडायची होती. भारतात त्या वेळी मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळी रुपये पाडीत होत्या. त्या काळातील रुपयांत मॉर्गन डॉलरची चांदी मिसळलेली आहे, असे म्हणता येते.

वितळवलेली नाणी बहुतांशी मॉर्गन डॉलर होती, पण त्यांत कोणत्या साली व कोणत्या टांकसाळीत पाडलेली किती होती, याचा हिशेब ठेवला गेला नाही. त्यामुळे एखादा ठसाभेद आज दुर्मीळ असेल, तर तो मुळातच कमी पाडला गेला की भट्टीत गेला, हे केवळ पाडलेल्या नाण्यांच्या सरकारी आकड्यांवरून कळू शकत नाही. उरलेली नाणी ठशांनुसार मोजणे हाच त्यावरचा उपाय आहे. वितळवलेल्या चांदीची भरपाई करण्यासाठीच १९२१ साली मॉर्गन डॉलर पुन्हा पाडण्यात आले. जुने हब तोवर नष्ट केलेले असल्याने मॉर्गन यांना नवे तयार करावे लागले. म्हणूनच १९२१ च्या नाण्यांचा उठाव आधीच्या नाण्यांपेक्षा कमी आहे.

बनावट नाणी ओळखण्यात उपयोग

ठशांच्या अभ्यासाचा सर्वांत ठोस लाभ खोटी नाणी उघडकीस आणण्यात झाला आहे. १८९६, १९०० व १९०२ या सालांच्या न्यू ऑर्लीन्सच्या काही नाण्यांवर 'ओ' हे चिन्ह नेहमीपेक्षा लहान आहे. हे ठसाभेद यादीत अनुक्रमे व्हॅम ४, व्हॅम ५ व व्हॅम ३ म्हणून नोंदलेले होते आणि संग्राहक त्यांना दुर्मीळ म्हणून चढी किंमत देत. बारकाईने तुलना केल्यावर या तिन्ही सालांच्या नाण्यांची मागील बाजू एकाच ठशातून निघाल्याचे दिसून आले. मागील बाजूच्या ठशावर साल नसल्याने तो पुढच्या वर्षी वापरला जाणे अशक्य नसते. पण सहा वर्षांच्या अंतरात पसरलेला हा वापर आणि घडणीतील इतर विसंगती पाहता ही नाणी टांकसाळीबाहेर पाडलेली असल्याचा निष्कर्ष निघाला. २००५ मध्ये पीसीजीएस या नाणी प्रमाणित करणाऱ्या संस्थेने ती बनावट ठरवली. १८९९ च्या न्यू ऑर्लीन्सच्या नाण्यांवरील लहान 'ओ' मात्र अस्सल मानला जातो.

खोटे नाणे चांदीचेच का असावे, याचे उत्तर त्या काळच्या भावात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉलरमधील चांदीची किंमत अर्ध्या डॉलरच्या आसपास उतरली होती. त्यामुळे पूर्ण वजनाची चांदी वापरूनही बनावट नाणे पाडणाऱ्याला मोठा नफा राहत असे. अशा नाण्यांना वजनाची किंवा कसाची परीक्षा पुरेशी ठरत नाही. ठसाच साक्ष देतो.

याच तत्त्वाचा उलट उपयोग १८९३ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यांसाठी होतो. ही नाणी केवळ १,००,००० पाडली गेली आणि त्या सर्वांसाठी दर्शनी बाजूचा एकच ठसा वापरला गेला. त्या ठशामुळे 'लिबर्टी' मधील 'टी' च्या वरच्या भागात एक बारीक तिरकी उठावदार रेघ येते. त्याच सालाच्या दुसऱ्या टांकसाळीच्या नाण्यावर 'एस' चिकटवून फसवणूक करण्याचे प्रकार होतात. मात्र चिन्ह चिकटवता आले, तरी दर्शनी बाजूचा ठसा बदलता येत नाही.

संग्राहक आणि मर्यादा

सर्वच ठसाभेदांना बाजारात वेगळी किंमत येत नाही. बहुसंख्य भेदांचा फरक इतका सूक्ष्म असतो, की अभ्यासकाखेरीज त्यांना मागणी नसते. मायकेल फे आणि जेफ ऑक्समन यांनी १९९० च्या दशकात १०० ठळक भेदांची निवडक यादी प्रसिद्ध केल्यावर संग्राहकांचे लक्ष प्रामुख्याने अशा निवडक भेदांकडे वळले. याचा एक परिणाम असा, की निवडक यादीतील भेद शोधून काढले जातात, तर साधे ठसे दुर्लक्षित राहतात. त्यामुळे बाजारात एखादा भेद किती वेळा दिसतो, यावरून तो मुळात किती पाडला गेला हे ठरवणे धोक्याचे असते.

नाणे घासून किंवा रसायनाने उजळवून घेतल्यास त्याच्या कडांवरील सूक्ष्म खुणा नाहीशा होतात. त्यामुळे अभ्यासासाठी ठेवलेली नाणी स्वच्छ न करण्याचा संकेत पाळला जातो. झिजलेल्या नाण्यांवर सालाची जागा व चिन्हाचा कल बहुधा ओळखता येतो, मात्र तडे व टकरीच्या खुणा आधी पुसल्या जातात. अशा नाण्याचा ठसा सांगता येतो, पण त्याची अवस्था सांगता येत नाही; त्यामुळे मोजणीत त्याची नोंद मूळ भेदाखालीच करणे योग्य ठरते.

हेही पाहा

नाणकशास्त्र
टांकसाळ
पीस डॉलर
पिटमन कायदा
भारतीय रुपया